पालमच्या छेदरेषा : दिल्लीच्या धावपट्ट्यांचा इतिहास

धावपट्टी म्हणजे ठरावीक लांबी-रुंदीचा काँक्रीटचा किंवा डांबराचा पट्टा, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु हवाई वाहतुकीच्या दृष्टीने धावपट्टी ही दोन्ही टोकांपलीकडे कित्येक किलोमीटर हवेत वाढवलेली एक रेषा असते, कारण उतरणारे विमान बरेच आधीपासून त्या रेषेवर आलेले असते आणि उड्डाण केलेले विमान काही काळ तीच रेषा धरून चढत असते. म्हणूनच दोन धावपट्ट्या जमिनीवर एकमेकींना कोठेही शिवत नसल्या, तरी त्यांच्या रेषा आकाशात एकमेकींना छेदू शकतात. दिल्लीच्या पालम विमानतळाचा इतिहास हा बराचसा अशा छेदांचा इतिहास आहे. आणि त्याचे विशेष असे की विमानतळाचा विस्तार होत गेला तसे हे छेद नाहीसे झाले नाहीत, त्यांनी केवळ जागा बदलल्या.

धावपट्टीला दिलेला क्रमांक हा तिच्या दिशेचा निर्देश असतो. होकायंत्रानुसार तिचा कोन जितके अंश भरतो, त्याला दहाने भागून जवळचा पूर्णांक घेतला जातो. त्यामुळे पश्चिमेकडे तोंड असलेली धावपट्टी २७ ठरते, आणि तीच उलट बाजूने वापरली की ०९ म्हणून ओळखली जाते. विमान शक्यतो समोरच्या वाऱ्यावर उतरते व समोरच्या वाऱ्यावरच उडते, कारण त्यामुळे कमी अंतरात काम भागते. दिल्लीत वर्षाचा बराच काळ वारा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून तेथे २७, २८ व २९ हे क्रमांक अधिक ऐकू येतात. वारा पूर्वेचा झाला की सारी वाहतूक उलटी फिरते आणि ०९, १० व ११ या दिशा वापरात येतात.

जुन्या काळातील हलक्या विमानांना बाजूचा वारा सोसत नसे, आणि त्यामुळे एकाच विमानतळावर वेगवेगळ्या दिशांच्या, प्रसंगी एकमेकींना प्रत्यक्ष छेदणाऱ्या धावपट्ट्या बांधण्याची पद्धत जगभर रूढ झाली. मुंबईकरांना तिचे उदाहरण शोधावे लागत नाही. जुहूच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, आणि सांताक्रूझच्या आजच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावरही ०९/२७ व १४/३२ या पट्ट्यांची फुली आहे. जेट विमाने जड व वेगवान झाल्यावर बाजूच्या वाऱ्याचे भय कमी झाले, वाहतूक मात्र वाढली, आणि सोय म्हणून आखलेली फुली अडचण ठरू लागली. कारण छेदबिंदू एका वेळी एकाच विमानाच्या वाट्याला येऊ शकतो. मुंबईत आज सामान्यतः एका वेळी एकच धावपट्टी चालवली जाते. त्यामुळे छेदाचा प्रश्न टळतो, पण दुसरी पट्टी बहुतेक वेळ रिकामी राहते.

दिल्लीचा प्रश्न याच्याहून निराळा आणि डोळ्यांना सहज न दिसणारा आहे. राजधानीचा पहिला नागरी विमानतळ म्हणजे विलिंग्डन विमानतळ, म्हणजेच आजचे सफदरजंग. नव्या दिल्लीच्या अगदी जवळ असल्याने तो सोयीचा होता, परंतु भोवती शहर वाढल्यामुळे मोठ्या विमानांना लागणारी लांब धावपट्टी तेथे होणे शक्य नव्हते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने पालम गावाजवळ उभारलेला तळ स्वातंत्र्यानंतर भारतीय हवाई दलाकडे आला, आणि १९६२ साली दिल्लीची नागरी प्रवासी वाहतूक सफदरजंगहून पालमला हलवण्यात आली. मे १९८६ मध्ये नवे टर्मिनल सुरू झाले व विमानतळाला इंदिरा गांधी यांचे नाव देण्यात आले. एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत या विमानतळाची सारी भिस्त दोन धावपट्ट्यांवर होती : ०९/२७ आणि १०/२८.

या दोन पट्ट्या जमिनीवर एकमेकींना भेटत नाहीत, पण त्या समांतरही नाहीत. पूर्वेकडे त्यांच्यात बरेच अंतर आहे आणि पश्चिमेकडे त्या जवळ येत जातात, म्हणजे नकाशावर पाहिले तर पूर्वेला उघडलेल्या चिमट्यासारखी त्यांची मांडणी दिसते. अशा धावपट्ट्यांना अभिसारी, म्हणजे एका बिंदूकडे सरकत जाणाऱ्या, धावपट्ट्या म्हणता येईल. पश्चिमेचा वारा असताना २७ वरून उडालेले विमान ज्या बाजूला जाते, त्याच बाजूला २८ ची रेषाही जाऊन मिळते. २८ वर उतरू पाहणारे विमान व्यवस्थित उतरले तर काहीच बिघडत नाही. पण धावपट्टी मोकळी नसल्यामुळे, वाऱ्याच्या झोतामुळे किंवा दृश्यमानता कमी झाल्यामुळे वैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा चढण्याचा निर्णय घेतला, ज्याला वैमानिकी भाषेत गो-अराउंड म्हणतात, तर दोन्ही विमाने चढत चढत एकाच बिंदूकडे निघतात. गो-अराउंड ही चूक नव्हे, ती सुरक्षिततेचीच तरतूद आहे. परंतु अभिसारी रेषांवर एका वैमानिकाची सावधगिरी दुसऱ्याच्या वाटेत येते. या कारणामुळे दोन धावपट्ट्या असूनही त्या एकमेकींपासून स्वतंत्रपणे चालवता येत नसत, आणि एकीवर परवानगी देताना नियंत्रकाला दुसरीवरील विमानाचा हिशेब ठेवावा लागे. हा धोका केवळ दिल्लीचा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने २०१३ साली नेमक्या याच परिस्थितीकडे, म्हणजे छेदणाऱ्या मार्गांवरील गो-अराउंडकडे, लक्ष वेधून तेथील विमान प्रशासनाला नियम कडक करण्याची शिफारस केली होती.

दिल्लीतील सर्वांत भीषण छेद मात्र धावपट्टीपासून दूर घडला. विमानतळाभोवतीचा बराचसा अवकाश लष्करासाठी राखीव असल्यामुळे १९९६ पर्यंत येणारी व जाणारी नागरी विमाने एकाच मार्गिकेतून ये-जा करीत, आणि त्यांच्यातील अंतर केवळ उंचीच्या फरकावर राखले जाई. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून निघालेल्या सौदी अरेबियाच्या बोइंग ७४७ ला १४,००० फुटांपर्यंत, तर दिल्लीकडे येणाऱ्या कझाकस्तानच्या इल्युशिन ७६ ला १५,००० फुटांपर्यंत येण्याची परवानगी होती. कझाक विमान त्या पातळीच्या खाली उतरले आणि हरियाणातील चरखी दादरीजवळ दोन्ही विमाने आदळून ३४९ जण मृत्युमुखी पडले. दिल्लीच्या नियंत्रकांपाशी त्या वेळी असलेले प्राथमिक रडार विमानाची जागा दाखवी, उंची नव्हे. उंची समजण्यासाठी वैमानिकाच्या शब्दावरच अवलंबून राहावे लागे. न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या चौकशीनंतर येण्या-जाण्याच्या मार्गिका वेगळ्या करण्यात आल्या, विमानाची ओळख व उंची पडद्यावर दाखवणारे दुय्यम रडार वापरात आले, आणि दोन विमाने जवळ येताच वैमानिकांना परस्पर इशारा देणारी यंत्रणा भारतात सक्तीची झाली.

मार्गिका वेगळ्या झाल्या, तरी चिमटा कायम होता. २००६ मध्ये विमानतळाचे व्यवस्थापन खासगी भागीदारीतील कंपनीकडे गेले, हवाई वाहतूक नियंत्रण मात्र भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडेच राहिले. २००८ मध्ये ४,४३० मीटर लांबीची ११/२९ ही तिसरी धावपट्टी सुरू झाली. ती १०/२८ ला जवळपास समांतर असून, २०१० चे तिसरे टर्मिनल दोहोंच्या मध्ये सामावण्याइतके अंतर त्यांच्यात आहे. त्यामुळे दिल्लीला प्रथमच दोन पट्ट्या बऱ्याच मोकळेपणाने वापरता आल्या. जुनी २७ मात्र या नव्या रचनेतही तिरकीच राहिली, आणि आता तिची रेषा २८ बरोबरच २९ च्या बाजूच्या वाहतुकीशीही जुळवून घ्यावी लागू लागली. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी २७ वरून हैदराबादकडे निघालेले विमान लवकर डावीकडे वळल्याने, २९ वरून रायपूरकडे निघालेल्या त्याच कंपनीच्या विमानाच्या मार्गाकडे गेले आणि दोन्ही विमाने आवश्यक अंतरापेक्षा जवळ आली.

१३ जुलै २०२३ रोजी चौथी धावपट्टी सुरू झाली आणि चार धावपट्ट्या असलेला दिल्ली हा भारतातील पहिला विमानतळ ठरला. ही पट्टी जुन्या ११/२९ च्या शेजारी, तिला समांतर आहे; म्हणून जुनीला उजवी २९ व नवीला डावी २९ अशी नावे मिळाली. समांतर पट्ट्यांवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमाने उतरवायची तर आंतरराष्ट्रीय निकषानुसार त्यांच्यात किमान १,०३५ मीटर अंतर लागते. या जोडीत ते त्याहून पुष्कळ कमी आहे, त्यामुळे एक पट्टी उतरण्यासाठी व दुसरी उड्डाणासाठी अशी वाटणी करावी लागते. शिवाय नवी पट्टी टर्मिनलपासून दूरच्या बाजूला असल्याने तिच्यावर उतरलेल्या विमानाला टर्मिनलकडे येताना उजवी २९ ओलांडावी लागू शकते. आकाशातील छेद अशा रीतीने जमिनीवर उतरला, आणि त्याची प्रचीती सहा आठवड्यांतच आली : २३ ऑगस्ट २०२३ रोजी अहमदाबादहून येऊन उतरलेल्या विमानाला उजवी २९ ओलांडण्याची परवानगी मिळाली असतानाच तिच्यावरून बागडोगऱ्याच्या विमानालाही उड्डाणाची परवानगी दिली गेली, आणि ते उड्डाण वेळीच रद्द करावे लागले. पुढे २३ नोव्हेंबर २०२५ रोजी काबूलहून आलेले विमान डाव्याऐवजी उजव्या २९ वर, म्हणजे उड्डाणासाठी राखलेल्या पट्टीवर उतरले. दोन्ही वेळा जीवितहानी झाली नाही.

या घटनांतून एक सूत्र स्पष्ट दिसते. दिल्लीने प्रत्येक टप्प्यावर जागा वाढवून छेद टाळण्याचा प्रयत्न केला आणि प्रत्येक टप्प्यावर छेद दुसरीकडे गेला : अभिसारी रेषांतून मार्गिकेत, मार्गिकेतून समांतर पट्ट्यांमधील ओलांडणीत. २०१९ पासून गाझियाबादजवळच्या हिंडन हवाई तळावर नागरी उड्डाणे सुरू आहेत, आणि जेवर येथे ३,९०० मीटरच्या धावपट्टीसह नोएडा आंतरराष्ट्रीय विमानतळ उभारण्यात आला आहे. म्हणजे एका विमानतळाच्या आवारात असलेला प्रश्न आता संपूर्ण राजधानी क्षेत्राच्या आकाशाचा झाला आहे. दिल्लीचा अनुभव असे सांगतो की धावपट्टी बांधून क्षमता वाढते, सुरक्षितता मात्र त्या पट्टीची रेषा इतर रेषांना कोठे छेदते हे आधी ओळखून तेथे कोणी थांबायचे हे ठरवण्यातूनच येते.