उटणे, तेल आणि पाण्याचा अंश

दिवाळीच्या अभ्यंगासाठी महाराष्ट्रात घरोघरी होणारे उटणे कोरडे असते, आणि ते टिकते त्याचे मुख्य कारण हेच. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, गव्हला कचोरा, संत्र्याची साल हे जिन्नस कडक उन्हात वाळवायचे, कुटून वस्त्रगाळ करायचे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचे. दूध किंवा पाणी पडते ते नरकचतुर्दशीच्या पहाटे, वाटीत, लागेल तेवढ्यापुरते. शिकेकाईची भुकटीही महिनोन् महिने राहते. तिचे उकळलेले पाणी मात्र लवकर आंबते. जिवाणू आणि बुरशी पाण्याशिवाय वाढत नाहीत, हे सूक्ष्मदर्शकाने दाखवण्याच्या कितीतरी आधी ते घरात पाळले जात होते.

मुदतीचा लेखी हिशेब शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथात आहे. चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होते, गुटिका (गोळ्या) व अवलेह (चाटणे) वर्षानंतर. तूप आणि तेल यांना चार महिने दिले आहेत, पण काही जण ते वर्षाच्या पुढचे चार, म्हणजे सोळा महिने धरतात. आंबवून केलेली आसवे जुनी झाली की अधिक गुणकारी. सहजी न नासणाऱ्या चूर्णाला सर्वांत कमी मुदत, हे वरवर उलटे वाटते. पण ग्रंथकार येथे नासणे मोजत नाही, गुण मोजतो, आणि बारीक कुटलेल्या सुगंधी द्रव्याचा वास लवकर उडतो.

पाणी दूर ठेवण्याची खरी कसोटी तेलाची. तैलपाकात कल्काच्या, म्हणजे वाटलेल्या वनस्पतीच्या गोळ्याच्या, चौपट तेल आणि तेलाच्या चौपट काढा किंवा रस घालतात आणि सगळे पाणी आटेपर्यंत शिजवतात. कल्काची वात वळता आली आणि ती विस्तवावर टाकल्यावर तडतडली नाही, की पाक झाला. खोबरेल तेलात माका, ब्राह्मी, जास्वंद उकळणाऱ्या घरातही हीच खूण चालते: कढईतला चुरचुराट थांबला की तेल उतरवायचे. उन्हात तापवलेली कोरडी बरणी आणि कोरडाच चमचा, हा पुढचा नियम. खवटपणा मात्र याने टळत नाही. तो हवा आणि उजेडामुळे येतो, म्हणून बरणी अंधारात ठेवतात.

पाणी आणि तेल एकत्र बांधणारी क्रीम आली आणि ही जुनी युक्ती अपुरी पडली. 1920च्या दशकात जर्मनीत पॅराबेन हे परिरक्षक पुढे आले आणि कारखान्यांनी ते उचलले. घरी कोरफडीचा गर किंवा गुलाबपाणी घालून केलेल्या मलमाला असे संरक्षण नसते. त्यात हौसेने घालतात ते ई जीवनसत्त्व तेलाचा खवटपणा लांबवते, जंतूंना अडवत नाही. बाटली उकळून किंवा 70 टक्के अल्कोहोलने पुसून स्वच्छ होते, पण आत बोट बुडाले की जंतूंना पुन्हा वाट मिळते. परिरक्षक नसेल तर असे मलम थोडेच करावे, शीतकपाटात ठेवावे आणि काही दिवसांतच संपवावे.