मनोरुग्णालयातील वास्तव्य आणि यवतमाळचा रुग्ण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
मनोरुग्णालयांचा इतिहास प्रामुख्याने इमारती, अधिकारी आणि कायदे यांच्या आधारे लिहिला जातो. कक्षात राहिलेल्या रुग्णाचे स्वतःचे निवेदन त्यात क्वचितच आढळते. तथापि कायद्यातील तरतुदी बारकाईने पाहिल्यास त्याच्या वास्तव्याची चौकट स्पष्ट होते. रुग्णाचा प्रवेश आणि सुटका कोणाच्या हाती होती, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

अंतराचा प्रश्न :
नागपूर येथील मनोरुग्णालयाची स्थापना १८६४ मध्ये झाली. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांतास जोडण्यात आला आणि नागपूर हे यवतमाळचेही प्रशासकीय केंद्र बनले. दोहोंमधील अंतर सुमारे १५० किलोमीटर आहे. विसाव्या शतकात रेल्वेने जाणाऱ्यास प्रथम 'शकुंतला' या अरुंद मार्गावरील गाडीने ११३ किलोमीटरवरील मूर्तिजापूर गाठावे लागे व तेथून नागपूरची गाडी धरावी लागे. शेतमजूर कुटुंबाच्या दृष्टीने अशी एक भेट म्हणजे बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च होय. भेटी विरळ झाल्या की घराशी असलेला रुग्णाचा संबंधही क्षीण होणे स्वाभाविक होते.

१९१२ चा कायदा :
या कायद्यानुसार नातेवाइकांचा अर्ज आणि दोन वैद्यकीय प्रमाणपत्रे यांच्या आधारे दंडाधिकारी दाखल करण्याचा आदेश देत असे. भटकणाऱ्या अथवा धोकादायक वाटणाऱ्या मनोरुग्णास पोलीसही ताब्यात घेऊ शकत. अभ्यागतांपैकी तिघे जण, त्यांत एक वैद्यकीय अधिकारी, लेखी आदेशाने सुटका करू शकत. स्वेच्छेने राहणाऱ्यास मात्र सूचना दिल्यापासून चोवीस तासांत जाण्याची मुभा होती. इतरांच्या आदेशाने आलेल्या रुग्णास ती नव्हती. आजार ओसरला तरी बाहेर पडण्यासाठी कोणीतरी पुढाकार घेणे आवश्यक होते. ज्याच्याकडे कोणी येत नसे, त्याची बाजू मांडणारेही कोणी नसे.

बदलती भूमिका :
१९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ मध्ये अमलात आला. उपचारकाळात रुग्णास अपमानास्पद वागणूक देण्यास त्याने मनाई केली. मध्यंतरी १९८९ मध्ये यवतमाळ येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाल्याने जिल्ह्यात रुग्णालयीन सेवेचा विस्तार झाला.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ मध्ये लागू झाला. सक्तीचे मुंडण करू नये, गणवेशाची सक्ती नसावी, केलेल्या कामाचा योग्य मोबदला मिळावा, रुग्णास साखळदंडाने बांधू नये, अशा तरतुदी त्यात आहेत. केस, कपडे आणि श्रम या बाबी वरवर क्षुल्लक वाटतात. परंतु कक्षात राहणाऱ्याची ओळख त्यांवरच टिकून असते. केवळ घर नाही अथवा घरच्यांनी स्वीकारले नाही म्हणून कोणासही रुग्णालयात ठेवू नये, असेही हा कायदा सांगतो. सेवेसाठी दूरचा प्रवास करावा लागू नये व प्रत्येक जिल्ह्यात किमान सेवा उपलब्ध असावी, हे शासनाचे कर्तव्य ठरविण्यात आले आहे.

निष्कर्ष :
१९१२ ते २०१८ या काळात कायद्याच्या लेखी रुग्णाचे स्थान ताब्यातील व्यक्तीकडून हक्कधारक नागरिकाकडे सरकले, असे दिसून येते. मात्र घरी परतण्याचा हक्क कागदावर मिळाला तरी परतण्यासाठी घराचे दार उघडे असावे लागते. यवतमाळसारख्या जिल्ह्यात उपचार गावाजवळ मिळणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. रुग्ण नजरेआड होत नाही, तेव्हा कुटुंबाच्या मनातील त्याची जागाही रिकामी होत नाही.