न्यूझीलंडमध्ये हिवाळ्यातली कॅम्पर व्हॅन

कॅम्पर व्हॅन म्हणजे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. न्यूझीलंडमध्ये जून ते ऑगस्ट हिवाळा असतो. स्कीइंगची ठिकाणे सोडली तर पर्यटक कमी आणि व्हॅनचे भाडेही उन्हाळ्यापेक्षा बरेच उतरलेले. सर्वांत स्वस्त पर्याय ‘रिलोकेशन’चा. बहुतेक पर्यटक ऑकलंडहून दक्षिणेकडे जातात, त्यामुळे क्राइस्टचर्चला साचलेल्या गाड्या परत आणून देणारे चालक कंपन्यांना हवे असतात. भाडे कधी दिवसाला अवघा 1 डॉलर. पण दिवस मोजकेच मिळतात. वाटेतल्या पिक्टन–वेलिंग्टन फेरीचे तिकीट त्यात धरले आहे का, हे आधी विचारावे.

वाचलेले पैसे थंडी खाते. दक्षिण बेटावर रात्री पारा शून्याखाली जातो आणि विजेवरचा हीटर चालवायचा तर वीजजोडणी असलेली जागा पैसे देऊन घ्यावी लागते. फुकट मुक्कामही वाटतो तितका मोकळा नाही: 2023च्या कायद्यानुसार स्थानिक परिषदांच्या जागांवर सहसा पक्के शौचालय असलेली, प्रमाणित गाडीच चालते, नाहीतर दंड. डिझेलचा पंपावरचा दर कमी दिसतो, कारण रस्ता-वापर कर किलोमीटरनुसार वेगळा भरावा लागतो. मिलफर्डचा रस्ता हिमस्खलनाच्या धोक्यामुळे अचानक बंद होतो, म्हणून गाडी परत करण्याआधी एखादा दिवस मोकळा ठेवावा.