मायदेशाचा व्हिसा

१/ भारताचे पासपोर्ट आणि व्हिसाचे स्टिकर नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जातात. मात्र ते कोणाला मिळावेत, हे छापखाना ठरवत नाही. वर्ध्याच्या पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्या आयुष्यात याच प्रश्नाने अनेक वर्षे घेतली.

२/ पहिल्या महायुद्धापूर्वी देश सोडताना पासपोर्टची सक्ती नव्हती. त्या काळात खानखोजे जपानमार्गे अमेरिकेत पोहोचले. पडेल ती मजुरी करून त्यांनी शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले आणि गदर चळवळीत ते अग्रभागी राहिले.

३/ महायुद्धानंतर परतीची वाट अरुंद झाली. १९२० च्या कायद्याने भारतात प्रवेशासाठी पासपोर्ट सक्तीचा करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. खानखोजे यांचे नाव तर ब्रिटिशांच्या काळ्या यादीतच होते. १९२४ मध्ये त्यांनी मेक्सिको गाठले. तेथे चापिंगोच्या कृषी विद्यालयात अध्यापन करीत त्यांनी मक्याच्या वाणांवर संशोधन केले. चित्रकार दिएगो रिवेरा यांच्या भित्तिचित्रात त्यांना स्थान मिळाले.

४/ १९४७ मध्ये राज्य बदलले, यादी मात्र कायम राहिली. ज्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी देश सोडला, त्याच स्वतंत्र देशाचा व्हिसा त्यांना आधी नाकारण्यात आला. अखेर ती बंदी उठली आणि १९४९ मध्ये ते शेतीतज्ज्ञ म्हणून मायदेशी आले. पुढे ते नागपुरात स्थायिक झाले.

५/ २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. तोवर पासपोर्ट देणे वा नाकारणे सरकारच्या मर्जीवर होते. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला आणि जूनमध्ये पासपोर्ट कायदा झाला. मर्जीच्या जागी नियम आला, पण खानखोजे तो पाहू शकले नाहीत.