वायदा आणि ताबा

सकाळी घेतलेला समभाग दुपारी विकून मोकळा होणारा आणि तोच समभाग दहा वर्षे जपणारा, या दोघांत शहाणा कोण, हा वाद संगणकाच्या पडद्याबरोबर जन्मला अशी आपली समजूत असते. मुंबईचा इतिहास त्याची मुळे १८६५ सालात दाखवतो.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. हा पैसा नव्या बँकांच्या आणि समुद्र हटवून जमीन करू पाहणाऱ्या कंपन्यांच्या समभागांत शिरला. प्रेमचंद रायचंद या उलाढालीच्या केंद्रस्थानी होते. बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा समभाग ५०,०००च्या घरात गेला.

गंमत अशी की, तो विकत घेणाऱ्या अनेकांना समभाग नकोच होता. १ जुलै १८६५ या तारखेचे वायदे होत. त्या दिवशी ताबा न घेता भावातला फरक तेवढा चुकता करायचा, असा हिशेब. एप्रिलमध्ये जनरल ली शरण आला, युद्ध संपत आले आणि कापसाचा भाव कोसळला. वायद्याचा दिवस उजाडला तेव्हा फरक भरण्याची ऐपत उरली नव्हती; पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. समभागांच्या तारणावर कर्जे वाटणारी बँक ऑफ बॉम्बेही पुढे गुंडाळावी लागली.

येथे 'सट्टा वाईट, सबुरी चांगली' असे तात्पर्य काढण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. ज्यांनी बॅक बेचे समभाग निष्ठेने जपून ठेवले, त्यांच्याही हाती कागदच उरले. कारण कंपनीची जमीन अजून समुद्राखालीच होती. सबुरीला फळ येते ते तिच्यामागे चालता धंदा असेल तरच.

दिवसाच्या सौद्यातही ताबा नसतो, फरकच असतो. महिन्यांची मुदत तासांवर आली इतकेच. २०२२-२३ या वर्षात रोखीच्या बाजारात असे सौदे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जणांना तोटा झाला, असे सेबीने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले. म्हणून समभाग किती काळ ठेवावा, हे विचारण्याआधी त्यामागे आपल्या मालकीचे नेमके काय आहे, हे पाहणे बरे. १८६५च्या मुंबईने तेवढेच पाहिले नव्हते.