ओबर्लिनचा विजेचा जमाखर्च

अमेरिकेतील ओहायो संस्थानाच्या उत्तर भागात, क्लीव्हलंड शहराच्या नैर्ऋत्येस काही कोसांवर, चिकणमातीच्या दलदलीत आणि गर्द रानात १८३३ साली जॉन शिपर्ड व फायलो स्टुअर्ट या दोन धर्मनिष्ठ गृहस्थांनी जी वसाहत वसविली, तिचे आणि तेथील महाविद्यालयाचे नाव ओबर्लिन. वसाहतीत येणाऱ्या कुटुंबांना एका करारनाम्यास बांधून घ्यावे लागे. साधे अन्न, साधा वेष, तंबाखू व मद्य यांचा त्याग, इतकेच नव्हे तर चहा-कॉफीचीही वर्जना अशी त्यातील कलमे होती. आणि ‘विद्या व श्रम’ हे ब्रीद मिरविणाऱ्या या संस्थेचे विद्यार्थी दररोज काही तास शेतावर अथवा कारखान्यात राबून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवीत. वर्णाचा विचार न करता विद्यार्थी घेण्याचा ठराव तिच्या विश्वस्तांनी १८३५ साली केला, आणि १८३७ पासून पदवीच्या वर्गात स्त्रियाही बसू लागल्या. गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या ज्या अमेरिकन सज्जनांना जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला, त्यांच्या चळवळीचे हे गाव एक प्रमुख ठाणे होते.

अशा मितव्ययी गावात विजेची अपरिमित भूक असलेला एक उद्योग जन्मास यावा, हा इतिहासातील एक विलक्षण योग होय. १८८५ साली येथून पदवी घेतलेला चार्ल्स मार्टिन हॉल हा तरुण, आपले गुरू प्राध्यापक फ्रँक ज्युएट यांच्या उत्तेजनाने आणि रसायनशास्त्र शिकलेल्या आपल्या भगिनी ज्युलिया हिच्या साहाय्याने, घरामागील लाकडाच्या कोठीत प्रयोग करीत असे. तेथेच २३ फेब्रुवारी १८८६ रोजी, वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये अॅल्युमिना विरघळवून त्यातून विजेचा प्रवाह सोडला असता, शुभ्र धातूच्या गुटिका त्याच्या हाती आल्या. तोवर मौल्यवान गणला जाणारा अॅल्युमिनियम त्या दिवसापासून स्वस्ताईच्या वाटेस लागला आणि यथावकाश आपल्याकडील गरिबाघरच्या चुलीवर जर्मनच्या पातेल्याच्या रूपाने येऊन बसला. परंतु या धातूस वीज लागते ती अफाट. आजच्या सुधारलेल्या कारखान्यांतही एका किलोस तेरा-चौदा युनिटे खर्ची पडतात. १९१४ साली हॉल निवर्तला तेव्हा आपल्या विपुल संपत्तीचा मोठा हिस्सा त्याने महाविद्यालयास ठेविला. त्या संस्थेच्या भांडवलात विजेच्या अशा उपभोगाचा अंश पूर्वीपासूनच मुरलेला आहे, हे पुढील हकिकत वाचताना ध्यानी असू द्यावे.

आपल्याच विद्यापीठास अभ्यासाचा विषय करावे, ही कल्पना अमेरिकेत १९८०च्या दशकात रूढ होऊ लागली. लॉस एंजल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात नगररचनेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी १९८९ साली आपल्या संस्थेचे पाणी, कचरा, ऊर्जा आणि खरेदी यांचा तपशीलवार आढावा प्रबंधरूपाने सादर केला. त्याच्याही अगोदर आर्कन्सॉतील हेन्ड्रिक्स महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी, डेव्हिड ऑर यांच्या प्रेरणेने, आपल्या भोजनगृहातील अन्न कोठून येते याचा माग काढून, भोवताली शेतीचा मुलूख असता ताटातील बहुतेक जिन्नस दूरदेशीचे असतात हे दाखवून दिले होते. हेच ऑर १९९० मध्ये ओबर्लिनला आले. पुढे १९९२-९३ च्या एका वर्गात त्यांनी विद्यार्थी आणि वास्तुशिल्पी यांना एकत्र बसविले, आणि आपल्या गरजेहून अधिक वीज निर्माण करणारी, आपले सांडपाणी स्वतःच शुद्ध करणारी शाळेची इमारत कशी असावी, याची मसलत वर्षभर चालविली. त्या मसलतीतून उभे राहिले ते अॅडम जोसेफ लुईस केंद्र. विल्यम मॅक्डोना यांच्या आराखड्यानुसार बांधलेली ही वास्तू २००० साली खुली झाली. तिच्यातील सांडपाणी वनस्पतींनी भरलेल्या टाक्यांतून फिरून शुद्ध होते आणि त्या टाक्यांची निगा विद्यार्थी राखतात.

मात्र माझ्या मते या कथेचा खरा मोलाचा भाग इमारतीच्या उद्घाटनानंतरचा आहे. जिची कीर्ती दूरवर पसरली होती, त्याच इमारतीच्या विजेच्या नोंदी महाविद्यालयातीलच एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने तपासल्या, आणि छतावरील सौरपट्ट्यांच्या उत्पादनाहून तिचा खप पुष्कळ अधिक आहे, असे २००२ मध्ये जाहीरपणे मांडले. उष्णतेसाठी बसविलेला विजेवरचा बॉयलर हा एक मोठा खादाड निघाला. वाद झाला आणि तो कटूही झाला. पण इमारतीत मापयंत्रे पूर्वीच बसविलेली असल्यामुळे वादाचा निवाडा आकड्यांवर सोपविता आला. व्यवस्थेत सुधारणा झाल्या, आणि २००६ मध्ये वाहनतळावर आणखी सौरपट्ट्यांचे छत चढविल्यावर खप व उत्पादन यांचा मेळ बसू लागला. आदर्श म्हणून उभारलेल्या वस्तूची तपासणी तिच्या घरच्यांनीच करावी आणि तीमुळे ती वस्तू सुधारावी, याहून अधिक विद्येला शोभणारे काय असू शकते?

मापनाची हीच विद्या नंतर वसतिगृहांत शिरली. प्राध्यापक जॉन पीटरसन आणि त्यांचे विद्यार्थी यांनी असे पाहिले की खोलीत राहणाऱ्या मुलास विजेचे बिल कधी दिसतच नाही. ते दप्तरात जाते, तेथेच चुकते होते, आणि दिवा कोणी जळत ठेविला याची दाद कोठेही लागत नाही. म्हणून २००५ साली त्यांनी एक प्रयोग केला. दोन वसतिगृहांत खपाचे आकडे क्षणोक्षणी संगणकाच्या पडद्यावर उमटतील अशी स्वयंचलित यंत्रणा विद्यार्थ्यांच्याच मेहनतीने बसविण्यात आली. उरलेल्या वीस वसतिगृहांत मीटरांची नोंद हाताने घेऊन ती आठवड्यातून एकदा कळविण्यात येई. आणि वसतिगृहांमध्ये बचतीची दोन आठवड्यांची चढाओढ लावण्यात आली. एकंदर खप ३२ टक्क्यांनी घटला; साप्ताहिक नोंदीच्या वसतिगृहांत ३१ टक्के, तर क्षणोक्षणी आकडे पाहणाऱ्यांत ५५ टक्के. वाचली ती वीज ६८,३०० युनिटे. हॉलच्या रीतीने तीतून आज सुमारे पाच टन अॅल्युमिनियम निघेल. बक्षिसाची ईर्षा आणि पंधरवड्याचा उत्साह यांचाही त्यात वाटा होता, हे खरेच. तथापि दोन गटांतील हे अंतर केवळ उत्साहाने पडले असे म्हणता येत नाही.

प्रयोगातील या विद्यार्थ्यांपैकी काहींनी पदवीनंतर हीच यंत्रणा इतर संस्थांस पुरविण्याचा व्यवसाय काढला. वसतिगृहांच्या दालनांत खप कमी असता हिरवे आणि वाढता तांबडे होणारे गोलक झळकू लागले. आणि कालांतराने गावातील शाळा व सार्वजनिक ग्रंथालय येथेही वीज-पाण्याच्या खपाचे फलक लागले. पाण्याच्या बाबतीत मात्र २००५ चा तो प्रयोग जवळजवळ निष्फळ ठरला होता. त्या दोन आठवड्यांत पाण्याचा खप अवघा ३ टक्क्यांनी उतरला, आणि प्रयोगकर्त्यांनी हा आकडा विजेच्या यशाच्या लगत, आपल्या निबंधाच्या सारांशातच, छापला आहे.