रिक्षाचे भाडे आणि सरळ रेषा

रेषीय आणि घातांकी फले शिकवताना रोजच्या जगण्यातली उदाहरणे द्यावीत, म्हणजे गणित सोपे होते, असे आज सर्रास मानले जाते. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शाळेतले ज्ञान बाहेरच्या जीवनाशी जोडण्याचा आग्रह धरला. तो रास्तच होता. पण जोडायचे ते सोपे करण्यासाठी, असा अर्थ आपण त्यातून काढला. माझा विरोध आहे तो या अर्थाला.

भोपाळच्या जवाहर चौकातल्या एखाद्या मुलाला पुस्तकातला रिक्षाचा प्रश्न देऊन पाहा. पहिल्या किलोमीटरला इतके, पुढच्या दर किलोमीटरला इतके, सूत्र लिहा. मूल सूत्र लिहिते, पूर्ण गुण मिळवते. चौकात मात्र एक रिक्षावाला भाडे बोलून ठरवतो. दुसरा सवाऱ्या भरून नेतो आणि तुम्ही जरा अलीकडे उतरा की पलीकडे, तेच पैसे घेतो. मीटरने गेले तरी किमान भाडे संपेपर्यंत आलेख आडवाच राहतो, आणि मग चढतो तोही पायऱ्यापायऱ्यांनी. मुलाला हे सगळे ठाऊक असते, पण ते त्याला कुणी विचारलेलेच नसते. वाढ सरळ रेषेत आहे हा निर्णय प्रश्नानेच घेऊन टाकला होता, आणि गणिताचा खरा कस तर त्या निर्णयातच लागतो.

कुणी म्हणेल, भास्कराचार्यांनीही व्यवहारातलीच उदाहरणे घेतली. घेतली खरी. पण ११५० च्या ‘लीलावती’त एक दाता आहे. तो पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि महिनाभर रोज दुप्पट करत जातो. बेरीज येते २ अब्ज १४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४६ कवड्या. असा दाता कुठल्याच गावात नसतो, आणि भास्कराचार्यही तो आहे असे भासवत नाहीत. उघड कल्पनेतून दुपटीचा आवाका कळतो, तो अगदी पक्का कळतो. म्हणजे कल्पनेला माझी हरकत नाही. हरकत आहे ती वास्तवाचे नाव लावून वास्तव गाळून टाकण्याला.

वास्तव घ्यायचेच असेल तर सूत्र न सांगता आकडे द्यावेत. भारताची लोकसंख्या कोटींत: १९६१ मध्ये ४३.९२, १९७१ मध्ये ५४.८२, १९८१ मध्ये ६८.३३, १९९१ मध्ये ८४.६४, २००१ मध्ये १०२.८७, २०११ मध्ये १२१.०९. मुलांना आधी लागोपाठच्या आकड्यांची वजाबाकी करू द्या, मग भागाकार. पहिल्या तीन दशकांत फरक वाढत जातो, १०.९, १३.५, १६.३, गुणोत्तर मात्र १.२४ ते १.२५ च्या आसपास टिकून राहते. ही घातांकी वाढ. शेवटच्या दोन दशकांत नेमके उलटे होते. गुणोत्तर १.२२ आणि मग १.१८ असे घसरते आणि फरक दोन्ही वेळा सुमारे १८.२ कोटी येतो. देश तोच, जनगणना तीच, पण वाढ आता जवळजवळ सरळ रेषेत. ‘लोकसंख्या घातांकी वेगाने वाढते’ हे पुस्तकातले वाक्य त्याच पुस्तकाच्या शेजारी ठेवलेल्या तक्त्याने मोडते. ते का मोडले, हे विचारताना जन्मदर, मुलींचे शिक्षण, लग्नाचे वय हे सारे वर्गात येते. वर्गातले गणित यामुळे अवघड होते, आणि व्हायलाच हवे.

भोपाळमध्ये आणखी एक उदाहरण आहे, आणि शिक्षक ते टाळतात याचे मला वाईट वाटते. जवाहर चौकापासून उत्तरेला, जुन्या शहरापलीकडे, युनियन कार्बाइडच्या कारखान्यात २ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाच्या टाकीत पाणी शिरले, आत उष्णता वाढत गेली आणि बाहेर पडलेल्या वायूने शहरात माणसे मेली. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा आधीच बंद केलेली होती. अशा टाकीचे गणित रशियन शास्त्रज्ञ सेम्योनोव्ह यांनी १९२८ मध्येच मांडले होते. उष्णता बाहेर पडण्याचा वेग टाकी आणि भोवताल यांच्या तापमानातील फरकाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे सरळ रेषेत. आत उष्णता निर्माण होण्याचा वेग मात्र ढोबळमानाने दर दहा अंशांना दुप्पट होतो. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा. भोवतालाच्या तापमानाला वक्र रेषेच्या वर असतो, पण टाकी थोडी तापली की रेषा वक्राच्या वर जाते आणि टाकी स्वतःला सावरते. आणखी तापून वक्र रेषेला पुन्हा ओलांडून वर गेला की सावरणे संपते. टाकी मुळात थंड ठेवण्याला एवढे महत्त्व का, ते या आलेखात दिसते. त्या रात्री ज्यांच्या घरातली माणसे गेली, त्यांच्या नातवंडांना हा आलेख शिकवताना शिक्षकाला जड जाईल हे मी जाणतो. तरीही तो शिकवावा, कारण ही नातवंडे उद्या अशाच कारखान्यांत अभियंते होतील.

वेळ कुठून आणायचा, ही अडचण खरी आहे. अभ्यासक्रम मोठा आहे, परीक्षा सूत्रच विचारते. पण जनगणनेचा तक्ता एका तासिकेत होतो. रिक्षा, मोबाइलचे रिचार्ज, टाकीत भरणारे पाणी अशा एकाच साच्याच्या दहा उदाहरणांतली आठ गाळली तर तेवढा वेळ निघतो. आणि परीक्षेतही एवढाच बदल पुरे: आकडे द्यावेत, आणि वाढ कोणत्या प्रकारची, कुठपर्यंत आणि कशावरून, हे विद्यार्थ्याला लिहायला लावावे.